मुदत पूर्ण होईपर्यंत

सकाळी भाजी घेत होते, तेवढ्यात सईचा फोन आला. ‘मावशी, बाबा उठत नाहीये...’ कोलकात्यात वाढलेल्या पोरीचं मराठी असंच, मोडकंतोडकं. पण त्या दिवशी मला सगळं लख्ख कळलं.

प्रकाश देवधर आणि मी एकाच सरकारी बँकेत. दोघंही बदलीवर इथे आलो आणि इथेच निवृत्त झालो. बायको गेल्यावर सईला त्यांनी एकट्यानं वाढवलं. रविवारी त्यांच्याकडे कॉलेजातली चारदोन मराठी पोरं जमायची. पोहे फुकट, व्याख्यान सक्तीचं! ‘आधी बाजूला टाका, मग उडवा,’ हे ठरलेलं. पोरं माना डोलवायची आणि जिना उतरताच टॅक्सी करून महागडी कॉफी प्यायला पळायची. सई सगळ्यांच्या पुढे. हप्त्यावर घेतलेला फोन, दर आठवड्याला दाराशी नवं खोकं. बापलेकीची त्यावरून रोज जुंपायची. ‘पैसे काय वर घेऊन जाणार आहात?’ माझ्यादेखत म्हणाली ती एकदा. ते हसले. ‘तुझ्यासाठीच ठेवतोय गं, गधडे!’

थंडी सरता सरता त्यांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, अँजिओग्राफी लगेच करा. विमा अर्धाच खर्च देणार होता. बाकीच्यासाठी होती ती बापलेकीच्या नावावरची एफडी, सईच्या पुढच्या शिक्षणाची. मुदत पुरी व्हायला तीन महिने होते. ‘आत्ता मोडली तर व्याज कापलं जाईल, कुंदाताई.’ कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, खड्ड्यात गेलं तुमचं व्याज, चला हॉस्पिटलात! आणि मी काय केलं? चष्मा लावला, कागद ओढला आणि नेमकं किती कापलं जाईल ते काढून दाखवलं. आकडा बघून दोघंही हळहळलो. ‘तीनच महिने तर आहेत,’ मी म्हणाले. मीच म्हणाले. जन्मभर काउंटरवर बसून लोकांना हेच सांगत आले होते, मुदतीआधी मोडू नका म्हणून... सात आठवड्यांनी ते गेले.

सई आता काही म्हणजे काही खर्च करत नाही. मैत्रिणी बोलावतात, जात नाही. सियालदह स्टेशनपासून कॉलेजपर्यंत पायी जाते. एकोणीस वर्षांची पोर, बाहेर एक चहा घेत नाही. तिला वाटतं, तिच्या उधळपट्टीच्या धास्तीनं बाबांनी पैसे धरून ठेवले. त्या कागदाचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. धीरच होत नाही.

गेल्या सोमवारी एफडीची मुदत संपली. तिच्यासोबत बँकेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, काढायचे की परत ठेवायचे? सई माझ्याकडे वळली.

‘मावशी, बाबांनी माझ्यामुळेच नाही मोडली ना ही?’

मी पर्समध्ये चष्मा शोधायला लागले. बाई खोळंबल्या होत्या, मागे रांग होती. सईनं थोडा वेळ वाट पाहिली, मग पाच वर्षांसाठी परत ठेवायच्या फॉर्मवर सही केली. सही कुठे करायची, ते मात्र मी तिला बोटानं दाखवलं.