रझिया आपा आणि तंबूतले निखारे

ओवी, अर्णव, रझिया आपा गेल्याला महिना उलटला. लिहायचं तेव्हाच होतं, पण हात वळेना... आज बसले, कारण परवा तुमचा बाबा फोनवर म्हणाला, "आई, सुट्टीत पोरांना घेऊन तंबूत राहणार आहोत. गारठा फार, म्हणून आत ठेवायला कोळशाची शेगडी घेतलीय." मी आपांची आठवण करून दिली, तर हसला. "आपा अतीच करायच्या गं!" हे आईकडून वाचून घ्या, बाबाकडून नको.

आपा आमच्या जळकोटच्या शाळेत खेळ शिकवायच्या, मी विज्ञान. दर हिवाळ्यात मुलांना आमच्या शेतात मुक्कामाला आणायच्या आणि सगळ्यांना हैराण करायच्या. ओले मोजे काढ, शिट्टी गळ्यातच ठेव, विहिरीकडे जायचं नाही. पालक कुरकुरायचे, मीही कुरकुरायचे. "बाई, लेकरं माझ्या भरवशावर आली हायेत," म्हणायच्या, "तुमचा वैताग तुमच्याजवळ ठेवा."

एका वर्षी तुम्हीही त्या मुक्कामाला होतात. अर्णव, तू फार लहान होतास. दिवेलागणीलाच हुडहुडी भरली, तेव्हा तुमच्या बाबाने भाकरीच्या चुलीतले निखारे घमेल्यात भरून तुमच्या तंबूत नेले आणि चेन लावून घेतली. आमच्याकडे बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवतात. तो स्वतः त्याच उबेत वाढला. पण त्या घराचं दार सताड उघडं असायचं. बंद तंबूत निखाऱ्यांचा विषारी वायू साचतो, त्याला ना रंग ना वास, हे मीच त्याला शिकवलं होतं! इंजिनिअर झाला आणि विसरला. ओवी, तू म्हणालीस, "डोकं दुखतंय." तो म्हणाला, "प्रवासानं असेल, झोप."

तेवढ्यात आपांनी फेरी मारताना चेन ओढली.

"हे काय करायलास रे समीर?"

"आपा, धूर कुठंय? नुसते निखारे आहेत."

"धूर दिसंना, तेच तर भ्या हाय! झोपलेली लेकरं उठायची न्हाईत सकाळी!"

ओढणी हाताला गुंडाळून त्यांनी घमेलं उचललं आणि बाहेर भिरकावलं. तुम्हाला दंडाला धरून उघड्यावर बसवलं. हळूहळू ओवीचं डोकं दुखायचं थांबलं, अर्णवची गुंगी गेली, आणि तुमच्या बाबाने ठरवून टाकलं की काही झालंच नव्हतं. पोरांसमोर अपमान झाला, एवढंच त्याने लक्षात ठेवलं. पुन्हा आपांशी बोलला नाही. दर ईदला शीरखुर्मा वाढताना त्या विचारायच्या, "समीरचा राग गेला का हो बाई?"

शोकसभेत जो तो म्हणाला, आपा फार हौशी होत्या. हौशी! मला तिथून उठून जावंसं वाटलं.

तर ऐका. दुप्पट पांघरुणं घ्या, कोरडे मोजे घाला, एकमेकांना चिकटून झोपा. बाबाने शेगडी आत आणली तर तुम्ही बाहेर या. त्याला राग आला तर येऊ दे, आपांवरही आला होता.

आपांच्या भाचीने ती ओढणी मला आणून दिली. मधोमध करपून भोक पडलंय, कडा काळ्या आहेत. ती माझ्या कपाटात आहे. आणि तुम्ही दोघं आहात.