मेहेरबान दप्तरदार यांस

भालचंद्र पागनीसांच्या हातून ग्वाल्हेरच्या दप्तरखान्यात कधी कागद हरवला नाही, असं लोक सांगत. लोकांनी नाही सांगितलं, तर पागनीस स्वतः सांगत. संस्थान गेलं, मध्य भारताचं राज्य आलं, खाती बदलली, साहेब बदलले. पागनीस आपले लाल कापडात कागदांचे बस्ते बांधत बसलेले. छप्पन साली तेही राज्य गुंडाळायचं ठरलं. एक नोव्हेंबरपासून कारभार भोपाळला जाणार होता. सगळं दप्तर बांधून न्यायचं होतं, आणि बांधणारे अर्थातच पागनीस.

नेमक्या त्याच भादव्यात त्यांच्या चार वर्षांच्या राजलक्ष्मीच्या डाव्या डोळ्यात पांढरी चमक दिसू लागली. दौलतगंजातल्या शेजारणी म्हणाल्या, पोरगी भाग्याची आहे. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्यावर गाठ आहे, हजारो मुलांत एखाद्याला होणारा कॅन्सर आहे, ताबडतोब मुंबईला न्या. पागनीसांनी रजा मागितली. "एक तारखेनंतर बघू," साहेब म्हणाले. मग त्यांची बायको शरयूच राजीला घेऊन मुंबईत परळला आपल्या भावाकडे निघाली.

स्टेशनावर ती म्हणाली, "डोळा काढायचा म्हणाले, तर मी एकटी हो म्हणणार नाही. तुमचं पत्र यायला हवं."

"येईल. पण तू घरी लिहू नकोस. दिवसभर कुलूप असणार, पोस्टमन खालच्या दुकानात टाकून जाईल. दप्तरखान्यात लिही. तिथे कागद हरवत नाही."

शरयू नवऱ्याचं नाव घेत नसे. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. लिहीतही नसे. म्हणून तिनं पाकिटावर नावाऐवजी त्यांचा हुद्दा लिहिला, 'मेहेरबान दप्तरदार यांस.' पागनीसांना ते फार आवडलं. आवक टपाल घेणारे मानसिंगराव अक्षर ओळखून पाकीट हातात आणून देत. "लो दादा, वहिनींचा हुकूम आला." अशी दोन पत्रं आली. तपासण्या चालू होत्या, अजून काही ठरलं नव्हतं.

मग पागनीसांनी दोन कामं केली, दोन्ही अगदी चोख. मानसिंगरावांना जागा बघायला पुढे भोपाळला पाठवलं. आणि स्वतःच्या सहीनं हुकूम लावला, की वीस ऑक्टोबरनंतर दप्तरदारांच्या हुद्द्यावर येणारं टपाल न उघडता आवकेच्या बस्त्यात घालावं आणि भोपाळला फोडावं. मानसिंगरावांच्या जागी इंदूरहून आलेले एक कारकून बसले. त्यांनी हुकूम वाचला आणि पाळला.

पत्र येईना. पागनीस रोज रात्री खाणावळीचा डबा घेऊन घरी येत, सवयीनं तीन पाट मांडत आणि दोन उचलून ठेवत. दिवाळी तोंडावर आली होती. सराफ्यातून जाताना त्यांनी राजीसाठी फुलबाज्यांची पेटी घेतली. ती कुणाला द्यायची, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

दुसऱ्या कुणी एक कार्ड टाकून विचारलं असतं, काय झालं म्हणून. पागनीसांनी विचारलं नाही. पत्र नाही म्हणजे डोळा काढायचा नाही, असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं. विचारलं तर उत्तर येईल, याची त्यांना भीती वाटत होती. खरं सांगायचं तर माणूस भित्रा होता, आणि त्या रिकाम्या घरात जास्तच भित्रा झाला होता.

एकतीस तारखेला आवकेच्या बस्त्याची शेवटची गाठ त्यांनी स्वतः मारली.

भोपाळला दिवाळीनंतर बस्ते सोडायला घेतले. मानसिंगराव आवकेचा बस्ता उलगडता उलगडता थांबले. "दादा, ये तो... हे वहिनींचं अक्षर आहे ना?"

तीन पाकिटं होती. पहिल्यात लिहिलं होतं: डोळा काढायलाच हवा म्हणतात, उजवा चांगला आहे, आठ दिवसांत कळवा. दुसऱ्यात एकच ओळ: हो की नाही, एवढंच लिहा. तिसरं पत्र असं होतं: 'माझा दादा तार करू म्हणत होता. मी म्हटलं, जो दोन पत्रांना बोलत नाही तो तारेला काय बोलणार? उद्या मी सही करते आहे. राजी विचारत होती, बाबांनी काय लिहिलं? मी सांगितलं, बाबा हो म्हणाले, घाबरू नकोस म्हणाले.'

पागनीस रजेचा अर्ज न देताच मुंबईला गेले. नोकरीत पहिल्यांदाच. राजी खाटेवर पट्टी बांधून बिस्किट खात बसली होती. "बाबा, तुमचं पत्र आलं ना, म्हणून मी रडले नाही," ती म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी शरयूला सगळं सांगितलं: हुकूम, बस्ता, गाठ. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्हाला एक कार्ड टाकून विचारता आलं नाही?"

कॅन्सरवरचे विजेचे शेक संपल्यावर शरयू मुलीला घेऊन ग्वाल्हेरलाच राहिली. पागनीस भोपाळला एका खोलीत. महिन्याला एक पत्र येई, राजीच्या तब्येतीचं. पाकिटावर पूर्ण नाव असे, 'श्री. भालचंद्र विनायक पागनीस', एकही अक्षर न गाळता. पाकिटं त्यांनी सगळी जपून ठेवली.

राजी मोठी झाली. काचेचा डोळा कुणाच्या लक्षात येत नसे, आणि आला तरी तिला पर्वा नसे. एका सुट्टीत पागनीस घरी आले असताना तिनं विचारलं, "बाबा, वो चिठ्ठी... ते तुमचं पत्र मला बघायचं आहे. मी लहान असताना मुंबईला पाठवलेलं. आई म्हणते तिच्याकडे नाही. तुमच्याकडे नक्कल असेलच ना? तुम्ही तर कागद हरवत नाही."

स्वयंपाकघरात शरयूचं लाटणं थांबलं.

"हरवलं, बेटा," पागनीस म्हणाले. "माझ्याच हातून हरवलं."