हिमनदीसमोर जेवणाची वेळ

फ्रीजर उघडला की थंड वाफ तोंडावर येते आणि मला अलास्का आठवतं. लेकीने मला आधी ट्रेनने, मग बोटीने हिमनद्या बघायला नेलं होतं. निळ्या बर्फाच्या भिंतीसमोर बोटीचं इंजिन बंद झालं आणि नेमका तेव्हाच लेकीने आत डबा उघडला. "आई, आधी पोळीभाजी खा, शुगरची गोळी घ्यायचीय." मी म्हटलं, "शुगर रोजचीच आहे. हे परत कोण दाखवणार?" कानटोपी ओढून मी बाहेर कठड्याशीच उभी राहिले. तेवढ्यात घराएवढा बर्फ सुटून पाण्यात कोसळला, तोफेसारखा आवाज मागून आला, आणि बोट डोलायला लागली. मी चक्क ओरडले. डबा टाकून लेक धावत आली, तोवर नुसत्या लाटा उरल्या होत्या. आता पाहुण्यांना फोटो ती दाखवते, पण बर्फ कसा पडला ते सांगायला मलाच हाक मारते.