दुसऱ्या दाराचे दाजी

अजून न घडलेल्या संकटांची काळजी वाहणारा आमच्या दाजींइतका एकनिष्ठ माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. घडलेल्या संकटाची काळजी काय, कोणीही करतो. त्यात दाजींना काडीचा रस नाही. "घडून गेलं त्याच्याकडं काय बगायचं? जे घडायचंय तिकडं बगा की, मास्तर!" असं ते मला म्हणतात, आणि म्हणताना त्यांची नजर माझ्या डोक्यावरच्या पंख्याच्या हुकावर असते. मग मलाही चहा गोड लागत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. तहसील कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर त्यांची हयात गेली, आणि ती तशीच सरळ गेली असती. पण एकदा कचेरीतून कोणाला तरी आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाला पाठवायचा हुकूम आला. साहेबांच्या घरी कार्य होतं, हाताखालच्यांचे गुडघे अचानक दुखू लागले, आणि ते घोडं दाजींच्या अंगणात येऊन थांबलं. बाकीची मंडळी तिथून पिशवी आणि टोपी घेऊन परतली. दाजी तत्त्वं घेऊन परतले. हुकूम एकाचाच पाहिजे. आधी म्हातारी माणसं आणि लेकरं. नियम वाकवावा, पण टाकू नये. भीती दाखवू नये, वाट दाखवावी. आणि या सगळ्यांच्या वर, देव्हाऱ्यात बसवावं असं एक तत्त्व: माणसानं कुठंही शिरताना दुसरं दार बघून ठेवावं.

त्या दिवसापासून दाजी कोणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी मागच्या दाराची चौकशी करू लागले. "कडी निघती का? गंजली तर न्हाई?" लोकांना वाटायचं, हा माणूस पाहुणा आहे की चोर. एसटीत संकटकाळी बाहेर पडायच्या दाराजवळ ते बसत, आणि एकदा ते दार खरंच उघडतं का हे बघायला त्यांनी ते उघडलं. ते उघडलं, पण लागेना. मांजरसुंब्यापर्यंत कंडक्टर ते दोरीनं धरून उभा होता आणि दाजींच्या सात पिढ्यांना आठवत होता. घरी त्यांनी ओसरीत वाळूच्या बादल्या मांडल्या. आग काही लागली नाही, पण गल्लीतल्या तमाम मांजरांना त्या बादल्या पसंत पडल्या. अक्का म्हणायची, "ह्यांनी सरकारी पैशानं शिकून येऊन मांजरीची सोय केली."

पण दाजींची अब्रू खरी गेली ती त्यांच्या पुतणीच्या बाळंतपणात. आतल्या खोलीत बाळ-बाळंतिणीला ओव्या-शेपाची धुरी दिलेली. दाराच्या फटीतून धूर आला. दाजींनी शिट्टी फुंकली, ओली गोधडी पांघरली, आत शिरले आणि बाळंतीण, बाळ, शेक देणारी म्हातारी आणि पेटती शेगडी असा सगळा संसार अंगणात आणून ठेवला. म्हातारीनं त्यांना जे ऐकवलं ते मला शाळामास्तर म्हणून लिहिता येत नाही. तेव्हापासून पोरं त्यांना बघितलं की "दाजी, धूर!" म्हणून ओरडायची, आणि दाजी दरवेळी वळून बघायचे. "शंभरातलं एक खरं निगालं तर?" असं वर मलाच विचारायचे.

ते एक खरं निघालं, आणि तेही नेमकं माझ्या लेकीच्या लग्नात.

आमचं गाव केज तालुक्यात, नांदूरघाटापासून जवळ. मांडव गावाबाहेरच्या शेतात होता. वरच्या अंगाला डांबरी रस्ता, रस्त्याला वळण, वळणाखालून ओढा, आणि ओढ्याच्या काठाला आचाऱ्याच्या भट्ट्या. एका बाजूला टेकाडावर शाळा. दाजींनी सकाळी येऊनच तोंड वाकडं केलं होतं. "भट्ट्या ओढ्यात कावून मांडल्या? वरून काय आलं तर?" मी म्हणालो, "दाजी, ओढ्याला पाणी नाही, काय येणार?" त्यांनी घरून आणलेल्या वाळूच्या बादल्या भट्ट्यांपाशी ठेवल्या. नवरदेवाकडचे उमापूरकर वऱ्हाडी फिदीफिदी हसले. नवरदेवाचे थोरले चुलते मिशीवर हात फिरवत म्हणाले, "मास्तर, तुमच्याकडं मांडवात मांजरंबी जेवाया येत्यात व्हय?" म्हणजे आमची कीर्ती उमापूरपर्यंत पोचली होती.

मुहूर्त टळून गेला होता, कारण एका पुढाऱ्याची वाट बघणं चाललं होतं. मांडव गच्च भरला होता. वीज गेलेली, म्हणून जनरेटरवर माइक चालू होता आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं नाव-गावासकट स्वागत होत होतं. तेवढ्यात वळणावर मोठा आवाज झाला. पेट्रोलचा टँकर आडवा झाला होता. ड्रायव्हर काच फोडून बाहेर आला, पलीकडे बांधावर बसला. आणि मग तो वास आला.

या वासाला आमच्याकडची माणसं भीत नाहीत, हेच भिण्यासारखं आहे. फुकट तेल सांडतंय म्हटल्यावर कोणी हंडा घेतला, कोणी डबडं घेतलं, कोणी आचाऱ्याची दुधाची किटली उचलली. दहा मिनिटांपूर्वी अक्षता हातात घेऊन बसलेलं निम्मं वऱ्हाड रस्त्याच्या दिशेनं पळालं. पेट्रोल चरातून ओढ्यात उतरायला लागलं होतं. ओढा सरळ भट्ट्यांकडे येत होता, आणि भट्ट्यांवर बुंदी चालली होती.

दाजींनी शिट्टी फुंकली. पोरं आनंदानं ओरडली, "दाजी, धूर!" कोणीतरी म्हणालं, "आता नवरीला गोधडीत घालून न्हेत्यात बगा." सगळा मांडव हसला. मी नाही हसलो. माझी लेक आत मुंडावळ्या बांधून बसली होती आणि तो वास आता कनातीच्या आत आला होता. मी दाजींना म्हणालो, "माइकवरनं सांगा की, आग लागेल म्हणून."

"सांगितलं तर दोन गोष्टी हुतेत," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका शांत कधी ऐकला नव्हता. "निम्मे हसतेत आन् निम्मे पळतेत. एकच वाट हाय, लेकरं पायाखाली येतीन. भीती न्हाई दाखवायची, मास्तर."

मग त्यांनी पहिल्या भट्टीत वाळूची बादली उलटी केली. दुसरी, तिसरी. आचारी किंचाळला, "आवो बुंदीत वाळू गेली!" तिथून ते माइकवाल्या रफीकभाईंकडे गेले. "जनरेटर बंद करा."

"दाजी, जनरेटर बंद किया तो माइक कैसा चलेंगा?"

"बॅटरी हाय ना? बॅटरी आन् भोंगा शाळंत घेऊन चला. जोडायचं ते तिकडं जोडू, इथं ठिणगी नको."

रफीकभाईंनी त्यांच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता भोंगा खांद्यावर घेतला. त्या मांडवात दाजींवर विश्वास ठेवणारा तो पहिला माणूस. दाजींनी नवरदेवाच्या म्हाताऱ्या आजोबांना खुर्चीसकट उचलून शाळेकडे न्यायला लावलं. लेकीला अक्का घेऊन निघाली. काय, का, काही नाही. "फेटा बांधायचाय, मोकळ्यावर चला," एवढंच.

आणि पाच-सात मिनिटांत टेकाडावरून भोंगा बोलू लागला. आमच्याकडे माणूस जेवण सोडेल, पण माइकवर पुकारलेलं आपलं नाव सोडणार नाही. दाजींनी ते ओळखलं होतं. "वधूचे चुलत आजोबा यांना नम्र विनंती. आपला मानाचा फेटा शाळेच्या प्रांगणात बांधण्यात येत आहे. कृपया सहपरिवार यावं." आजोबा उठले, त्यांच्यामागं अख्खी भावकी उठली. मग वधूचे मामा, मग वराचे मामा, मग माजी सरपंच, मग आजी सरपंच. "महिला मंडळाच्या साड्यांचा मान शाळेतच होईल." बायका उठल्या. ना धक्का, ना आरडाओरडा. मानाच्या क्रमानं मांडव रिकामा होत होता, आणि फेटे मात्र एकूण होते चारच. मी दाजींच्या शेजारी उभा राहून घाम पुसत होतो.

आता रस्त्यावरची माणसं राहिली. दाजींनी त्यांना नावानिशी पुकारायला सुरुवात केली, आणि नावापुढं सासरवाडी जोडली. "अमक्या गावचे जावई रस्त्यावर हंडा घेऊन उभे आहेत, सासरेबुवा शाळेत वाट बघत आहेत." हंडे खाली पडू लागले. चारचौघांत, आणि तेही व्याह्यांसमोर, हातात डबडं दिसणं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. एकेक जण मान खाली घालून टेकाड चढू लागला.

रस्त्याकडेला आता एकटे नवरदेवाचे थोरले चुलते उरले होते. किटली भरून झाली होती. ती बाजूला ठेवून ते बांधाला टेकले, आणि मला वरून स्पष्ट दिसलं की त्यांनी खिशातून बिडी काढली. ती ओठांत धरली. दुसरा हात काडेपेटीसाठी खिशात गेला. ते पेट्रोलनं भिजलेल्या गवतात उभे होते. खाली ओढ्यात अजून माणसं होती, त्यांत माझा धाकटा भाऊ होता.

दाजींनी माइक तोंडाजवळ घेतला. मला वाटलं, आता हे 'बिडी' म्हणणार. ते म्हणाले, "नवरदेवाचे थोरले चुलते, उमापूरकर, रस्त्यावर किटली घेऊन उभे आहेत. त्यांचे वडील शाळेच्या ओसरीवर बसले आहेत आणि ते इथून आपल्या लेकराकडंच बघत आहेत."

लेकराचं वय साठीला आलेलं. नातवंडं असलेला माणूस. पण आमच्याकडे बापासमोर बिडी ओढायची नसते, ती साठीतही नसते. त्यांचा हात खिशातून रिकामाच बाहेर आला. ओठातली बिडी कुठं गेली ते कळलंदेखील नाही. किटली तिथेच टाकून ते टेकाड चढले.

पुढं अग्निशमनची गाडी आली, फेस मारला, क्रेननं टँकर उभा केला. काही म्हणजे काही झालं नाही. आणि इथंच दाजींचा घात झाला. आग लागली असती तर त्यांना हार घातले असते. ती लागली नाही, म्हणून राहिलं काय? वाळू पडलेली बुंदी, चार फेटे, आणि भर माइकवर पुकारलेली किटली. थोरले चुलते म्हणाले, "सोयऱ्याची इज्जत काढली. ही सोयरीक इथंच मोडली." त्यांचे डोळे दाजींकडे नव्हते, जमिनीकडे होते. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. तेवढ्यात माझी लेक पुढं आली. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात. ती म्हणाली, "मामांनी मला काय सांगून उठवलं नाही, मी उठले. आता तुमी सांगा, बसू का परत जाऊ?" नवरदेवाचे म्हातारे आजोबा खुर्चीतून म्हणाले, "बस, माझे माय. अक्षता आणा रे कुणीतरी!" लग्न शाळेच्या पटांगणात लागलं. जेवायला गार वरण-भात होता. थोरले चुलते न जेवता गेले.

त्यानंतर बरेच दिवस दाजींची चेष्टा होत राहिली. "दाजींनी उगाच लग्न उठवलं." दाजी हसायचे. "काय झालं न्हाई म्हणजेच झालं की," एवढंच म्हणायचे. बिडीचं ते कोणाला बोलले नाहीत. मीही नाही.

गेल्या वर्षी त्यांना लकवा मारला. आता ते घरीच असतात, पाठ भिंतीला, तोंड दाराकडं. यंदा उमापूरला माझ्या नातवाचं जावळ होतं. दाजींना नेता आलं नाही. मांडवात शिरल्याबरोबर मी थबकलो. भट्ट्या मांडवापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. प्रत्येक भट्टीपाशी वाळूची बादली. मागची कनात बांधलेली नव्हती, मोकळी होती. लग्नापासून माझ्याशी अवाक्षर न बोललेले थोरले चुलते जवळ आले आणि म्हणाले, "मास्तर, दाजींला फोन लावा."

मी लावला. त्यांनी तो हातात घेतला, आणि त्यांना ऐकायला कमी येत असल्यानं स्पीकरवर टाकला, म्हणून तिकडचं सगळं मलाही ऐकू येत होतं.

"दाजी, मी उमापूरहून. भट्ट्या खालच्या अंगाला हायेत."

दाजींची जीभ आता जड चालते. "दुसरं दार?"

"हाय. मोकळं हाय."

"म्हातारं माणूस?"

"दाराजवळ बसवलंय."

मग चुलते हळू आवाजात म्हणाले, "दाजी, त्या दिशी माइकवर किटलीच म्हणलात. दुसरं कावून न्हाई म्हणलात?"

दाजी म्हणाले, "दुसरं मला दिसलंच न्हाई. लई लांब व्हतो मी."

चुलत्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते तोंड फिरवून भट्टीकडे गेले, बादल्या जागेवर आहेत का ते बघायला. मला दाजींची इतकी आठवण आली की मांडवात बसवेना. पंगत बसली तेव्हा मी मानाची जागा सोडली आणि मागच्या दाराजवळ जाऊन जेवायला बसलो.