आख्खी गोळी

“पोटात गेल्यावर समदं एकच हुतंय, गड्या!” असं म्हणून आमच्या गल्लीतले काका माझ्या काउंटरच्या काचेवर थाडकन हात आपटायचे. आष्ट्यात माझं औषधांचं दुकान आहे. कधी आलात तर त्या काचेला गेलेला तडा बघा. तो त्यांचाच.

लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस कुणाचंच ऐकायचा नाही. त्यांच्या बायकोचे, काकींचे, गुडघे दुखायचे आणि त्यावरची गोळी घशात अडकायची. मग काका ती खलबत्त्यात कुटून, गुळात कालवून त्यांना भरवायचे. “आवं काका, ही कुटायची न्हाई! पोट जळू नये म्हणून तिच्यावर आवरण हाय!” मी ओरडायचो. लगेच पुन्हा काचेवर हात, पुन्हा तेच वाक्य. असा संताप यायचा!

शेवटी काकींना रक्ताची उलटी झाली. सांगलीला दवाखान्यात ठेवावं लागलं. काका तिथून तडक दुकानात आले आणि गोळ्यांचं पाकीट माझ्या अंगावर भिरकावलं. “बोगस माल इकतोस व्हय रं?”

माझं डोकंच फिरलं. दोन ग्लास घेतले. एकात लिंबू पिळलं, दुसऱ्यात खायचा सोडा कालवला आणि दोन्हींत एकेक गोळी सोडली. “बसा हितं. उठायचं न्हाई!”

ते बाकावर बसले. बऱ्याच वेळाने सोड्यातली गोळी फुटून पाणी गढूळ झालं. लिंबातली तशीच, आख्खी.

“हे आंबट पाणी म्हंजी पोट. तिथं आवरण टिकतंय. म्होरं आतड्यात आंबटपणा सरला की मग गोळी उघडती. तुमी खलबत्त्यातच उघडली!”

त्यांनी लिंबाचा ग्लास हलवून बघितला. मग पाकीट उचललं. “हे इंग्रजीत लिव्हलंय? मुंगीएवढं? माझ्या बायकूचा जीव, आन् ह्यास्नी मराठीत दोन शब्द लिव्हाय येत न्हाईत?” काच तडकली ती तेव्हा.

मी इतके दिवस मराठीतच बोंबलत होतो, हे बोललो नाही. आणि खरं सांगतो, पाकिटावरचा त्यांचा राग मलाही पटला. अजून पटतो.

काकी बऱ्या झाल्या. मग पोटाची गोळी सुरू झाली, तिलाही तसंच आवरण, पण ही बारकी, गिळता येण्यासारखी. काका रोज सकाळी त्यांना दुकानात आणायचे, बाकावर शेजारी बसायचे आणि काकींनी गोळी गिळली की परेडच्या आवाजात म्हणायचे, “दाव!” काकी लाजत तोंड उघडायच्या. काका वाकून बघायचे.

यंदा काका गेले. झोपेतच, कुणाला काही न सांगता. त्याचाही मला रागच आला.

परवा काकी एकट्या आल्या. घोटभर पाण्याने आख्खी गोळी गिळली, आणि बाकावरच्या रिकाम्या जागेकडे वळून त्यांनी तोंड उघडलं.