किराईत, संत्रं आणि विस्कॉन्सिनचा पाहुणा

त्या वर्षी आमच्या कंपनीतून अमेरिकेला कोण जाणार हे एका ग्लासावर ठरलं, असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. हसू देत. ग्लास मी भरला होता.

आमचं ऑफिस हडपसरच्या पुढे होतं. आदल्या वर्षापर्यंत तिथे ऊस उभा होता. ऊस गेला आणि काचेची इमारत उगवली, ती इतक्या घाईत की पार्किंगमध्ये अधूनमधून फरशी फोडून एखादा ऊस वर यायचा आणि आमचे मॅनेजर जेवणानंतर तो सोलून खायचे. तर तिकडच्या गिऱ्हाइकाचा माणूस आठवडाभर पुण्यात येणार होता, आणि जाताना टीममधल्या एकाला दोन वर्षांसाठी नेणार होता. दावेदार दोनच. मी कोथरूडचा, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा नागपूरकर. माझं तर ठरल्यातच जमा होतं. आईने मेतकूट दळून आणलं होतं आणि सोसायटीच्या जिन्यात मला लोक "कधी निघताय?" असं विचारत होते.

एक दिवस मॅनेजर म्हणाले, "पाहुण्यांना ओल्ड फॅशन्ड नावाचं व्हिस्कीचं काहीतरी आवडतं म्हणे. आणि त्यांना मोठ्या हॉटेलात नाही जायचं, तुम्ही मुलं जिथे बसता तिथे बसायचंय. कुणाला येतं का करता?"

"अहो, आपलं रोजचंच आहे ते," मी म्हणालो. नाव मी त्याच क्षणी पहिल्यांदा ऐकत होतो.

मग इंटरनेट उघडलं आणि डोकं फिरलं. एक पान म्हणे बर्बन व्हिस्कीच हवी, दुसरं म्हणे राय व्हिस्की. तिसरं म्हणे चेरी घाला, चौथं म्हणे चेरी घालणाऱ्याला दारात उभं करू नका. शेवटी मी त्यातलं सगळ्यात खडूस पान निवडलं. पुणेकर आहे मी. जो जास्त अपमान करतो त्याला जास्त कळतं, असं आम्ही धरून चालतो. त्या पानाचं म्हणणं असं: व्हिस्की, साखर, बिटर्स नावाचे कडू थेंब आणि वर संत्र्याची साल. सोडा घालणारा माणूस नव्हे.

आता कडू थेंब आणायचे कुठून? पुण्यात कडू बोलणं मुबलक. थेंब कुठेच नाहीत. शेवटी कोथरूडच्या आयुर्वेदिक दुकानात गेलो.

"किराईताचा अर्क आहे?"

"आहे. रोगी कोण?"

"एक अमेरिकन आहेत."

"होतंय काय त्यांना?"

"काही नाही. व्हिस्कीत घालायचाय."

दुकानदारांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे रोगी आपणच. बसा."

आम्ही बसायचो तो परमिट रूम सोलापूर रस्त्यावर होता. मालक लोणी काळभोरचे, सगळे त्यांना शेठ म्हणत. पाहुणा येण्याआधी तिथे माझी रंगीत तालीम सुरू झाली.

"सोडा किती वतू?" शेठ म्हणाले.

"सोडा नाही."

"पानी?"

"तेही नाही."

"मंग? दुष्काळ हाय का काय अमेरिकेत?"

नागपूरकराने गावाहून संत्र्यांचं अख्खं पोतं आणलं होतं. मी नाजूकपणे साल काढत होतो, तो माझ्याकडे बघत राहिला. "अबे, सालच टाकून रायला? फोडी काय गाईले घालतो?" असं म्हणून त्याने स्वतःच्या ग्लासात साखर आणि फोडी चमच्याने चेचून पार चिखल केला आणि वर सोडा ओतला.

"असं नसतं ते," मी म्हणालो.

"मले असंच आवडते ना बे."

पलीकडच्या टेबलावर मार्केट यार्डातले एक गुळाचे व्यापारी बसले होते. "साखर घालताय?" ते न राहवून म्हणाले. "मग चहाच प्या की. गूळ घाला, गूळ!" दोन दिवसांत त्या परमिट रूममध्ये ज्याचं त्याचं वेगळं ओल्ड फॅशन्ड झालं. पण मी माझ्या खडूस पानापासून तसूभर हललो नाही.

पाहुणा आला. इतका उंच, की शेठनी आधी पंखा बंद करायला लावला. मी सगळ्यांदेखत ग्लास तयार केला, किराईताचे थेंब मोजून सोडले, सालीला पीळ दिला. मॅनेजर अभिमानाने माझ्याकडे बघत होते. पाहुण्याने घोट घेतला, काढा पाजलेल्या पोराचं होतं तसं त्याचं तोंड झालं, आणि छान आहे म्हणून त्याने ग्लास खाली ठेवला. नंतर बराच वेळ तो फक्त खारे दाणे खात होता.

"तुमच्याकडे असंच पितात ना?" मी शेवटी विचारलं.

"हो, बाकीच्या अमेरिकेत," तो संकोचून म्हणाला. त्यांच्या विस्कॉन्सिन राज्यात मात्र त्यात व्हिस्की नसते, ब्रँडी असते. संत्रं चेचतात. वर सोडा. आणि त्यावर एखादं लोणचं, मश्रूमचं वगैरे.

मी मराठीत सांगितलं तेव्हा शेठचे डोळे मोठे झाले. "बरँडी? सर्दी झालीया का त्येंला? आन् लोनचं बाजूला, का आत?"

"आत."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. इथे भारतातला कुठलाही माणूस गप्प बसला असता. मी पाहुण्याला म्हणालो, "पण मग ते ओल्ड फॅशन्ड नव्हे."

"माझे आजोबा असंच प्यायचे," तो म्हणाला.

"आजोबांचंही चुकत असेल."

मॅनेजरना ठसका लागला. नागपूरकराने मात्र संत्रं चेचलं, शेठनी ब्रँडी ओतली, सोडा ओतला, आणि या पठ्ठ्याने स्वतःच्या डब्यातली लिंबाच्या लोणच्याची फोड वर ठेवली. पाहुण्याने घोट घेतला आणि डोळे मिटले. मग त्याने एकामागून एक इतके ग्लास रिचवले की लोणीहून लोणच्याची बरणी मागवावी लागली. प्रत्येक ग्लासात पडणारे कडू थेंब माझ्याच बाटलीतले होते, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

नागपूरकर अमेरिकेला गेला. मेतकूटही गेलं, दळून ठेवलेलं वाया कशाला घालवायचं, असं आई म्हणाली.

पुढे त्याचा फोन आला. "अबे, इथं व्हिस्की घाल म्हणलं तं वेटर हसते. शेजारच्या राज्यात गेलो, बरँडी घाल म्हणलं तं तिथला हसते. खरं कोणतं बे?"

मी ते खडूस पान पुन्हा शोधलं. सापडलंच नाही.

शेठनी ते ब्रँडीवालं 'अमेरिकन' म्हणून फळ्यावर लावलंय. हायवेचे ड्रायव्हर सर्दी झाली की आवर्जून थांबतात. मी गेलो की शेठ विचारतात, "तुमचं, का अमेरिकन?"

"माझं," मी ठणकावून सांगतो. घोट घेतो. कडूजहर लागतं.

"आणि लोणचं आणा," मी म्हणतो.

"बाजूला, का आत?"

शेठ बरणी उघडून, चमचा धरून उभे राहतात. मी ग्लासाकडे बघतो, बरणीकडे बघतो.

"थांबा जरा," मी म्हणतो.