बाईंच्या गावची पद्धत

“आमच्याकडे अशी पद्धत आहे.” एवढं म्हणून बाई पदर कमरेला खोचायच्या आणि हात धुवायला पाणी मागायच्या. त्यानंतर समोरच्याने काय करायचं हे ठरलेलं असे. त्याला ते कळायला थोडा वेळ लागे, इतकंच.

बाई म्हणजे आमच्या गावच्या उपकेंद्रातल्या नर्स. मुळशी तालुक्यात, पिरंगुटच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून आत आमचं गाव. थोडी जमीन विकून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरामागे भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या. त्यातल्या पहिल्या खोलीत बाई राहायला आल्या तेव्हा त्यांच्या कडेवर लहान मुलगी होती. मूळच्या वर्ध्याकडच्या. नवरा वारलेला. गावाने यापलीकडे चौकशी केली नाही, म्हणजे त्यांच्या तोंडावर केली नाही.

वर्धा आमच्यातल्या कुणीच पाहिलं नव्हतं आणि बाईंची सगळी ताकद त्यातच होती. बाळंतिणीचं पहिलं दूध पिळून टाकायला एखादी सासू निघाली की बाई वाद घालत नसत. “आमच्याकडे त्याचा थेंब जमिनीवर पडू देत नाहीत. लेकराची लक्ष्मी जाते.” सासू जागीच थांबायची. बाळ घेण्याआधी साबणाने हात धुवून ते तुळशीला दाखवायचे, ही त्यांच्याकडचीच पद्धत. काजळ डोळ्यांत घालायचं नाही, तळपायाला लावायचं, कारण दृष्ट म्हणे पायाकडून वर चढते. “वर्ध्याची मानसं लई रीतीची दिसत्यात,” असं माझी आई कौतुकाने म्हणायची. मी तेव्हा कमावता झालो होतो, पण चौकशीची खोड लहानपणापासूनची. दर महिन्याला एक नवी पद्धत ऐकून मी मनात म्हणायचो, ही माणसं शेतीभाती कधी करतात?

आमच्याकडेही एक पद्धत होती. तुम्हीही ती पाहिली असेल. वडीलधाऱ्यांसमोर बापाने आपलं मूल उचलायचं नाही. असा नियम कुणी सांगत नाही, पण मोडतही नाही. माझी मुलगी झाली तेव्हा आबा ओसरीवर बसलेले असायचे. ती रडत असली तरी मी पेपरात डोकं घालून बसायचो, आणि आबा गोठ्याकडे गेले की चोरी केल्यासारखा तिला उचलायचो. बाई खोलीच्या दारातून हे बघत असत.

बारशाच्या दिवशी पाळणा सजला, बायका गाणं सुरू करणार, तेवढ्यात बाईंनी हात वर केला. “थांबा. आमच्याकडे पद्धत आहे. नावाच्या आधी आजोबाने लेकरू सगळ्यांसमोर बापाच्या हातात द्यायचं. नाहीतर नाव लागत नाही.”

सगळ्या बायका आबांकडे बघायला लागल्या. तिशी उलटली तरी ज्यांच्यासमोर मी खुर्चीत बसत नव्हतो, ते आबा.

“हितं न्हाई तसली पद्धत,” आबा म्हणाले.

“नाही ना, म्हणून तर सांगते. काहून घाबरता? घ्या.”

आबांना ‘घाबरता’ असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ते उठलेच. नुकतं जन्मलेलं वासरू खांद्यावर टाकून ओढा ओलांडणारा हा माणूस, पण नातीला त्यांनी तापल्या तव्यासारखं धरलं आणि लगोलग माझ्या हातात दिलं. आबा मुद्दाम दुसरीकडे बघत होते. मात्र त्या दिवसानंतर मला पेपराची गरज पडली नाही. पुढच्या वर्षभरात गावातल्या ज्याच्या त्याच्या बारशाला हा विधी होऊ लागला. एका घरात तर तो विसरला म्हणून आत्या रुसून बसली.

पुढे आमच्या कारखान्यात वर्ध्याचा एक फिटर कामाला लागला. माझी खोड मला स्वस्थ बसू देईना. त्याला एकेक पद्धत विचारली. तो म्हणाला, “कोणं सांगितलं तुमाले? आमच्याकडे तर बाप आपल्या बापासमोर पोराले हात नाही लावत.”

संध्याकाळी मी तडक बाईंच्या खोलीवर गेलो. त्या मेथी निवडत होत्या. मी फिटरचं सांगितलं तशा त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. हसणं थांबल्यावर म्हणाल्या, “आमचे मामंजी दिवसभर पडवीत बसून असत. हे लेकराला लांबून पाहत. मला म्हणत, नोकरीच्या गावी वेगळं राहायला गेलो की रोज घेईन. लेकरू बसायलाही लागलं नव्हतं, अन् हे तापाने गेले. माझ्या पोरीला बापाने एकदाही घेतलं नाही.”

बाईंनी मेथीची काडी मोडली. “पद्धत काय आभाळातून पडते? कोणीतरी सुरू करतेच ना.”

निवृत्तीनंतर बाई भुकूमच्या नव्या सोसायट्यांमध्ये नव्या आईबापांचे वर्ग घेऊ लागल्या. सुट्टीच्या दिवशी मी त्यांना मोटरसायकलवर सोडायचो आणि मागच्या खुर्चीवर बसून ऐकायचो. सांगणं तेच, पण तिथे बाई म्हणायच्या, “हल्ली परदेशात असंच करतात.” लॅपटॉपवाले बाप भराभर लिहून घ्यायचे. परतताना मी छेडलं, तर मागून आवाज आला, “त्यांचं वर्धा तिकडे आहे, बापू.”

लोकांना त्या सांगायच्या, लेकराला पडू द्या, पडल्याशिवाय चालायला येत नाही. आणि स्वतःची मुलगी सायकल शिकली तेव्हा साडी खोचून कासारसाईच्या धरणापर्यंत तिच्यामागे पळाल्या होत्या. ती पुण्याला कॉलेजात जायला लागली तर संध्याकाळी बाई बसथांब्यावर हजर, हातात तिचा स्वेटर, तोही उन्हाळ्यात. मी हसलो की म्हणत, “लोकांचं लेकरू पडलं तर माझ्या पोटात गोळा येत नाही ना.”

मुलीचं लग्न झालं ते नेमकं वर्ध्याकडेच. जावई चांगला, घरही चांगलं. पण तिला दिवस गेले तसा बाईंना घोर लागला. “सासरे कडक आहेत. बारसं त्यांच्याच घरी. आणि तिथे माझी पद्धत चालायची नाही, ते लोक तिथलेच. माझ्या नातवंडालाही बाप लांबूनच पाहणार का रे?” मग स्वतःच स्वतःची समजूत काढत. “मी असेन ना तिथे. पाहते काहीतरी.”

बाई तिथे असणार नव्हत्या. दिवाळीच्या सुमाराला एका सकाळी छातीत कळ आली. मी दवाखान्यात नेलं. तिथून त्या घरी आल्या नाहीत.

बाईंच्या लेकीला मुलगी झाल्याचा फोन आला तेव्हा माहेरची माणसं म्हणून आम्हीच निघालो. आई, बायको, मी. आबा म्हणाले, “मी बी येतो.” पुण्यापलीकडे कधी न गेलेला माणूस दोन धोतरं पिशवीत घालून रेल्वेत बसला.

बारशाला घर भरलं होतं. सासरे पडवीत, जावई खांबाशी उभा. पाळण्याजवळून बाईंची लेक हळूच म्हणाली, “मामंजी, आईची एक पद्धत होती,” आणि तिने ती सांगितली.

“तुझी आई इथलीच ना?” सासरे म्हणाले. “मग ही कुठली पद्धत? आमच्या तर पाहण्यात नाही.”

लेकीने मान खाली घातली. मी पुढे होणार, तोच आबा खाकरले. “इथली न्हवंच ती, पावनं. आमच्या मुळशीची हाय. पूर्वीपासनं हाय. पोरीचं माहेर आमच्याकडं, मंग माहेरची रीत नको व्हय?”

त्यांनी पाणी मागून हात धुतले, बाळाच्या मानेखाली नीट हात घालून तिला उचललं आणि सासऱ्यांपुढे धरलं. “घ्या. आन् द्या लेकाच्या हातात.” पाहुण्याचा शब्द मोडता येईना. सासऱ्यांनी नातीला घेतलं, क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि मुलाकडे दिलं. त्या पोराचे कान लाल झाले होते. गाणं सुरू झालं तरी तो लेकीला पाळण्यात ठेवायचं विसरला. बाईंची मुलगी माझ्या आईच्या गळ्यात पडून रडत होती. मला त्या क्षणी बाईंची जेवढी आठवण आली, तेवढी त्या गेल्या त्या दिवशीही आली नव्हती.

परतीच्या गाडीत आबा खिडकीशी बसले होते. बाहेर कापसाची रानं मागे पडत होती. मला राहवलं नाही.

“आबा, तुमी पूर्वीपासनं म्हणला. आपल्याकडं कवा हुती ही पद्धत?”



“न्हवती,” आबा म्हणाले. “माझा बा बी ओसरीवरच बसायचा. तू झालास तवा बाई कुटं हुत्या आपल्याकडं?”